गेटपासवरचं नाव

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमच्या कारखान्यात माझ्यामागे बोललं जातं, आणि ते खरं आहे. सव्वीस वर्षं मी अंबडच्या एका मोठ्या कारखान्यात संगणक विभागात काढली, त्यातली शेवटची बारा तो विभाग सांभाळण्यात. प्रिंटर अडकला तरी मला बोलावतात आणि मुंबईच्या मुख्य कचेरीतला सर्व्हर बसला तरी मलाच विचारतात, मग राग येणार नाही तर काय. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. तिचे पाच कारखाने आहेत, त्यातले दोन नाशिकचे, एक अंबडला आणि दुसरा सिन्नरला. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, बाकीच्यांचं नावांवाचून काही अडणार नाही.

हे लिहायला बसले ते एका मुलीमुळे. मुलगी मी म्हणते, पण तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि माझ्यापेक्षा दुप्पट शांत. तिची नोकरी एका सॉफ्टवेअरवर टांगलेली होती. ते कंपनीत टिकलं तर ती टिकणार, ते गेलं तर ती बॅग भरून नामपूरजवळच्या आपल्या गावी जाणार, इतकी साधी गोष्ट होती.

कारखान्यात यंत्र बंद पडलं की त्याची नोंद करावी लागते. कुठलं यंत्र, किती वाजता बंद पडलं, किती वाजता सुरू झालं, काय बिघडलं होतं. ह्यासाठी आमच्याकडे वर्षानुवर्षं एक विकतचं सॉफ्टवेअर होतं, आणि ते वापरणाऱ्या दर माणसामागे त्याचं भाडं होतं. त्यामुळे वापरायची परवानगी मोजक्या साहेबलोकांना. ज्याचे हात प्रत्यक्ष त्या यंत्रात घातलेले असायचे तो फिटर मात्र वहीत लिहायचा, आणि दुसऱ्या दिवशी कारकून ती वही समोर ठेवून टाइप करायचा. फिटरचं अक्षर आणि कारकुनाचा कंटाळा ह्यांतून पार होऊन जे काही उरायचं, ते आम्ही सकाळच्या मीटिंगला पडद्यावर दाखवायचो आणि त्यावर गंभीर चेहऱ्याने चर्चा करायचो.

मग मुंबईला कुणाच्या तरी डोक्यात आलं की ओपन सोर्स वापरून बघू. म्हणजे असं सॉफ्टवेअर, की ज्याचं आतलं लिखाण, म्हणजे कोड, सगळ्या जगासाठी उघडं असतं. कुणीही घ्यावं, वापरावं, आपल्याला हवं तसं बदलावं. ते लिहिणारे लोक देशोदेशी विखुरलेले असतात आणि त्यातले बरेचसे आपापलं पोटापाण्याचं काम सांभाळून हे करतात. सिन्नरच्या कारखान्यात वर्षभर चालवून बघायचं, जमलं तर पाचही कारखान्यांत न्यायचं, असं ठरलं. मी नाक मुरडलं. बिघडलं तर फोन कुणाला लावायचा, हा माझा पहिला प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. उत्तर म्हणून ह्या मुलीला घेतलं. ठेकेदारामार्फत, कंत्राटी, त्या प्रयोगापुरतं.

ती कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेली होती. सिडकोत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची आणि रोज बसने सिन्नरला जायची, बस चुकली तर जीपमध्ये दाटीवाटीने. आठवड्यातले दोन दिवस अंबडला माझ्या विभागात. बोलणं जेवढ्यास तेवढं, आणि त्यातही मुख्य शब्द एकच, ‘चालेल’. शनिवारी यावं लागेल, चालेल. खुर्ची शिल्लक नाही, सध्या स्टुलावर बस, चालेल. दुपारी आईचा फोन आला की मात्र अहिराणीत भडाभडा बोलत सुटायची. “बरी शे ना तू?” असं आईने पलीकडून विचारलेलं मलाही ऐकू यायचं, इतका त्या माउलीचा आवाज खणखणीत होता. फोन ठेवला की ही परत मुकी. मला अशी माणसं आवडत नाहीत. भांडणारी माणसं आवडतात, निदान त्यांच्या मनात काय आहे ते कळतं.

पण काम तिचं चोख होतं, हे मला तीन महिन्यांतच कबूल करावं लागलं. नवं सॉफ्टवेअर कितीही जणांनी वापरलं तरी चालणार असल्यामुळे तिने सिन्नरच्या झाडून सगळ्या फिटरांच्या फोनवर ते घातलं. यंत्राजवळ उभं राहूनच ते नोंद करू लागले, तुटलेल्या भागाचा फोटो जोडू लागले. वही कपाटात गेली. पहिली तक्रार आली तीही एका फिटरकडूनच. हा माणूस सिन्नरच्या कारखान्यात अगदी पाया खणल्यापासूनचा, आणि तक्रार तिसऱ्या पाळीची होती.

तिसरी पाळी रात्री अकराला सुरू होते आणि सकाळी सातला संपते. सॉफ्टवेअर मात्र बाराच्या ठोक्याला तारीख बदलायचं. पावणेबाराला बंद पडलेलं यंत्र दोन वाजता सुरू झालं, तर त्याच्या लेखी ते दोन बिघाड, एक कालचा आणि एक आजचा. सकाळच्या मीटिंगला तिसऱ्या पाळीचे बिघाड भरमसाट दिसायचे आणि बोलणी फिटरांना बसायची.

“मॅडम, बारा वाजता आमचा दिस संपत नाय,” तो मला म्हणाला. “सातला संपतो. हे तुमच्या त्या मशिनीला कोनी सांगितलं नाय का?”

कुणीच सांगितलं नव्हतं. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्यातलं कुणी बहुधा तिसऱ्या पाळीला गेलेलं नसावं. ह्या मुलीने चार दिवस मान वर केली नाही, आणि पाचव्या दिवशी सॉफ्टवेअरमध्ये एक सोय करून दाखवली. दिवस किती वाजता सुरू होतो ते आपलं आपण ठरवायचं. सगळ्या मिळून एक्केचाळीस ओळींचं काम. आम्ही तिथे सात वाजता असं भरलं, आणि तिसऱ्या पाळीचे बिघाड आपापल्या जागी जाऊन बसले. त्या फिटरने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो तिच्यासाठी शेतातून भुईमुगाच्या शेंगा घेऊन आला.

खरी अडचण पुढेच होती. ह्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दर दोन-तीन महिन्यांनी येते. मुंबईहून ती चढवली की आमच्या एक्केचाळीस ओळी पुसल्या जायच्या, कारण त्या जगात फक्त आमच्याकडे होत्या. असं एकदा झालं, तिने त्या परत घातल्या. पुन्हा झालं, तेव्हा मधल्या चार दिवसांत फिटरांनी इतकी बोलणी खाल्ली की त्यांनी नोंदी करणंच बंद केलं. कपाटातली वही बाहेर आली. मुंबईने कळवलं की आणखी एकदा असं झालं तर मार्चअखेर प्रयोग बंद आणि जुनं विकतचं सॉफ्टवेअर परत. ती मेल मी तिच्यासमोरच वाचली, कारण त्यात कुणाची नोकरी जाणार आहे ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मला वाटलं, ही आता ‘चालेल’ म्हणणार. पण ती म्हणाली, “मॅडम, आपण ह्या ओळी ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनाच देऊन टाकू या ना. मग पुढच्या प्रत्येक आवृत्तीत त्या असतीलच. आपल्याला परत परत घालायला नको.”

मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या खोलीतले लोक डोकावून गेले. कंपनीच्या पगारावर केलेलं काम परक्यांना द्यायचं म्हणजे काय, डोकं ठिकाणावर आहे का, वगैरे. त्यामागे माझं बालपण होतं. माझे वडील ओझरला विमानांच्या कारखान्यात होते आणि आम्ही तिथल्या वसाहतीत वाढलो. संध्याकाळी घरी आलेल्या वडिलांना आज काय काम केलं असं विचारायची सोय नव्हती. कधी चुकून विचारलं तर आई डोळ्यांनीच गप्प करायची. गेटच्या आतलं गेटच्या आत ठेवायचं, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे.

तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने काही न बोलता माझ्या पडद्यावर एक यादी उघडून ठेवली. त्या सॉफ्टवेअरमध्ये ज्यांनी ज्यांनी काही दिलं त्यांची नावं, आणि कुणी काय दिलं ते. आमचे फिटर तुटलेल्या भागाचा फोटो जोडतात ना, ती सोय कुठल्याशा देशातल्या बेकरीत भट्ट्या सांभाळणाऱ्या माणसाने करून दिलेली होती. नेटवर्क नसताना केलेली नोंद हरवत नाही, ही सोय एका बोटीवरच्या इंजिनिअरची. मी खाली खाली जात राहिले. यादी संपेना. आणि वर्षभर हे सगळं फुकट वापरणाऱ्या आमच्या एवढ्या मोठ्या कंपनीचं तिथे साधं आभाराचं पत्रही नव्हतं. शेजारणीकडून रोज विरजण आणायचं आणि आपल्या घरून कधी वाटीभर काही द्यायचं नाही, असं ते होतं. मला मनापासून लाज वाटली. मी मुंबईच्या कायदा विभागाला परवानगीचं पत्र लिहिलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. परवानगी होती, पण दोन अटी होत्या. कारखान्यातून काहीही बाहेर पाठवताना जी पद्धत आहे ती पाळावी, ही एक. आणि पाठवणाऱ्याचं नाव कायम कर्मचाऱ्याचं असावं, ही दुसरी. आमच्या विभागात सॉफ्टवेअरमधलं कळणारी कायम कर्मचारी मी एकटी. म्हणजे नाव माझं.

आता खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्या यादीत नाव गेलं की ते तिथे राहतं, जगात कुणीही वाचू शकतं. नोकरी देणारे लोक आधी अशा याद्या बघतात, हे तिनेच मला सांगितलं होतं. सव्वीस वर्षांत माझं नाव कारखान्याच्या भिंतीबाहेर कुठे गेलेलं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, विभाग माझा, पत्र मी लिहिलं, मुंबईशी डोकं मी लावलं. तिला बोलावलं आणि सांगितलं की माझ्या नावाने पाठवू, काम झाल्याशी मतलब, तुझी नोकरी तर वाचेल. ती म्हणाली, “चालेल, मॅडम.” त्या दुपारी मी डबा अगदी चवीने खाल्ला. भरलेल्या वांग्याची भाजी होती, अजून आठवते.

राहिली पहिली अट. ती वाचून आधी मला हसू आलं आणि मग संताप. आमच्या गेटमधून काहीही बाहेर जायचं तर गेटपास लागतो. दुरुस्तीला जाणारी मोटार असो की भंगारात जाणारं पिंप, तीन प्रतींच्या पुस्तकात नोंद, विभागप्रमुखाची सही आणि सुरक्षा अधिकाऱ्याची सही. आता कोडला ना वजन ना आकार. पण पद्धत पाळा म्हणताय ना, मग घ्या. कायदेवाल्यांचं हसं करायचं, असं ठरवून दुसऱ्या दिवशी मी खरोखरच पुस्तक मागवलं आणि पास भरला. मालाचं वर्णन, सॉफ्टवेअरच्या ओळी. संख्या, एक्केचाळीस. वजन, नाही. माल परत येणार का, नाही. बाहेर नेण्याचं कारण, सार्वजनिक उपयोग. माल नेणाऱ्याचं नाव, ह्यापुढे मी माझं नाव लिहिलं.

आमचे सुरक्षा अधिकारी तोफखान्यातून निवृत्त झालेले, देवळालीला राहतात. सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात. मला वाटलं होतं ते हसतील. त्यांनी चष्मा लावून पास सावकाश वाचला आणि विचारलं, माल कुठे आहे. मी म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये. मग दाखवा, न बघता मी सही करत नाही, असं म्हणून ते माझ्याबरोबर विभागात आले.

ती स्टुलावर बसून काम करत होती. आम्ही त्या ओळी कागदावर छापून त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी खिशातलं बॉलपेन काढलं आणि प्रत्येक ओळीपुढे एक, दोन, तीन असे आकडे घालत एक्केचाळीसपर्यंत आले. संख्या बरोबर भरली. मग त्यांनी मला विचारलं की ह्यात आहे काय. मालाच्या गाडीवरच्या ड्रायव्हरलाही ते हेच विचारतात, नेणाऱ्याला आपण काय नेतोय ते माहीत असलंच पाहिजे, असा त्यांचा खाक्या. मी दिवस सातला सुरू होण्याचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. रात्रीच्या पहाऱ्याचंही असंच असतं म्हणाले. मग एकोणिसाव्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “ही कशाला?”

मी ओळ पाहिली. परत पाहिली. मला सांगता येईना.

स्टुलावरून आवाज आला. नेटवर्क नसताना केलेली नोंद उशिरा पोचते, ती आल्या वेळेच्या दिवशी न धरता केल्या वेळेच्या दिवशी धरावी, म्हणून ती ओळ. सुभेदारांनी आणखी दोन ठिकाणी बोट ठेवलं, तिने दोन्ही वेळा सांगितलं. सुभेदारांना समजेल अशा भाषेत सांगितलं. मग त्यांनी पास माझ्याकडे सरकवला.

“ताई, माल ह्यांचा आहे. नाव ह्यांचं पाहिजे.”

मी म्हटलं, मुंबईचा आदेश आहे, कायम कर्मचाऱ्याचंच नाव हवं. ते म्हणाले, माझ्या पुस्तकात कायम आणि कंत्राटी असा रकाना नाही, ठेकेदाराची माणसं रोज माल नेतात.

“जो नेतो त्याचं नाव,” ते म्हणाले. “दुसऱ्याच्या नावावर मी आजवर एक नटसुद्धा सोडलेला नाही.”

त्यांच्या बोलण्यात ना टोमणा होता ना आरोप. ते फक्त पास तपासत होते, आणि म्हणूनच ते मला लागलं. एरवी मी कुणालाही दोन सुनावते, त्या दिवशी मी पुस्तक पुढे ओढलं. पासवर खाडाखोड चालत नाही. मी तो पास रद्द केला, त्यावर आडवी रेघ मारली आणि नव्या पानावर तिचं नाव लिहिलं. रद्द केलेला पास माझ्या नावासकट त्या पुस्तकात अजून असेल. सुभेदारांनी सही केली आणि माल गेटबाहेर किती वाजता जाणार ते विचारलं. आत्ताच, असं म्हणून तिने बटण दाबलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहून वेळ लिहिली, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. पासाची प्रत मी मुंबईला पाठवली आणि वर एवढंच लिहिलं की गेटच्या नियमानुसार नेणाऱ्याचं नाव घातलं आहे. त्यावर कुणाचं काही उत्तर आलं नाही, आणि मीही विचारायला गेले नाही.

नंतर अकरा दिवस शांतता. फेब्रुवारी संपत आला होता, मार्चअखेर समोर दिसत होती. बाराव्या दिवशी ती एक कागद घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवून उभी राहिली. त्या सॉफ्टवेअरच्या लोकांनी उत्तर दिलं होतं, आणि त्यात सात शेरे होते.

कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला सात शेऱ्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. आमच्याकडे मालावर एक शेरा पडला तरी लाल चिठ्ठी लागते. सात पडले तर माल थेट भंगाराच्या आवारात. ती समजून चुकली होती आणि मीही. तिने त्याच दिवशी एक वही घेतली आणि आपल्यामागे काम अडू नये म्हणून कुठे काय आहे ते लिहायला सुरुवात केली. आईचा फोन आला तेव्हा ती बाहेर जाऊन हळू आवाजात बोलली. मला रडावंसं वाटलं, पण मला रडण्याआधी राग येतो. फुकट दिलेलं घ्यायलाही ह्यांना नखरे, असं म्हणत मी त्या न पाहिलेल्या लोकांना खरमरीत उत्तर लिहायला बसले.

खरमरीत लिहायचं तर शेरे नीट वाचणं भाग होतं. पहिलाच शेरा होता की ही अडचण आम्हालाही कित्येक दिवस होती, बरं झालं कुणीतरी मार्ग काढला. दुसरा एका रुग्णालयातल्या माणसाचा. त्यांच्याकडे लिफ्ट आणि यंत्रं सांभाळणाऱ्यांची पाळी आठला बदलते आणि स्वयंपाकघराची सहाला, तर प्रत्येक विभागाला आपली वेळ वेगळी भरता येईल का, असं त्याने विचारलं होतं. तिसऱ्यात एका बाईने लिहिलं होतं की आमच्या देशात हिवाळा आला की घड्याळं तासभर मागे करतात, त्या दिवशी ह्या ओळी चुकतील, कशा ते मी तपासून खाली दिलं आहे. घड्याळ मागे करतात हे आमच्या दोघींच्या स्वप्नातही नव्हतं. आमच्या कारखान्यात शेरा मारणारा माणूस शेरा मारून निघून जातो. हे लोक मारून गेले नव्हते, तिथेच थांबले होते, तिच्या उत्तराची वाट बघत.

मी तिला हाक मारली. “अगं, हे नापास नाही. तुझ्याबरोबर कामाला बसलेत हे लोक.”

तिने उभ्या उभ्या सगळं परत वाचलं. मग स्टूल ओढून बसली आणि दहा दिवस उठली नाही म्हटलं तरी चालेल. मधल्या पाच शेऱ्यांचं काम झालं. राहिला सातवा. कुणीतरी म्हटलं होतं की ही सोय फक्त वरच्या अधिकाऱ्यांना दिसावी, साध्या कामगाराला दिसली तर त्याचा गोंधळ होईल. हे तिला पटलं नव्हतं. ती तासभर उत्तर लिहायच्या रिकाम्या चौकटीसमोर बसून होती, आणि मग तिने मला विचारलं की नाही कसं म्हणायचं. मी म्हटलं, नाही म्हणायचं असेल तर नाही असंच लिही. तिने लिहिलं. नाही, आणि खाली कारण. तिसऱ्या पाळीच्या माणसाचं काम कुठल्या दिवसात धरलं जातं हे त्याला दिसलं पाहिजे, कारण चुकीच्या दिवशी धरलं तर बोलणी तो खातो. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की तुमचं बरोबर आहे, तसंच ठेवा. पाच शब्दांचं ते उत्तर तिने पुन्हा पुन्हा वाचलेलं मी पाहिलं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात नवी आवृत्ती आली. मुंबईने ती चढवली, आणि ह्या वेळी काही पुसलं गेलं नाही. उलट एक्केचाळीसच्या नव्वदच्या वर ओळी झाल्या होत्या, रुग्णालयवाल्याच्या, घड्याळवाल्या बाईच्या, आणखी कुणाकुणाच्या, आणि सुरुवातीला हिचं नाव होतं. सकाळच्या मीटिंगला तिसऱ्या पाळीचा आकडा जिथे असायला हवा तिथे होता. सगळं बरोबर असलं की कुणाच्या लक्षात येत नाही, तसंच झालं. फक्त सिन्नरच्या त्या फिटरचा फोन आला, “राह्यलं की हो ह्या टायमाला.”

प्रयोग यशस्वी धरला गेला. पाचही कारखान्यांत न्यायचं ठरलं आणि साहेबांनी मला विचारलं की हे करणार कोण. मी तिचं नाव सांगितलं. ती कंत्राटी आहे, असं ते म्हणाले. मग मी माझ्या खास आवाजात बोलले. तिचं काम आणि नाव आता सगळ्या जगासमोर आहे, उद्या कुणीही उचलून नेईल, मग पुन्हा बिघडलं की फोन मला लावू नका. हे भांडण मी एप्रिलभर पुरवून पुरवून केलं, आणि मे महिन्यात तिच्या कायम नोकरीचं पत्र आलं. आता ती वर्षातले निम्मे दिवस इतर कारखान्यांत असते. तिथल्या लोकांना ती पहिल्याच दिवशी सांगते की आपण काही सुधारणा केली तर ती परत द्यायची, आणि ज्याने केली त्याच्याच नावाने द्यायची. मुंबईचा नियमही आता तसाच आहे.

पत्र आलं त्या दिवशी ती पेढे घेऊन आली. मला राहवेना. मी तिला सांगितलं की ते नाव मला माझं घालायचं होतं, आणि मुंबईची अट हे निमित्त होतं. मी भांडले असते तर ती अट निघाली असती, पण मी भांडले नाही, कारण मला ते नाव हवं होतं.

“मला माहीत होतं, मॅडम,” ती म्हणाली. “तुम्ही सांगितलंत त्याच दुपारी मी राजीनामा लिहिला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघताना तुमच्या टेबलावर ठेवणार होते. तेवढ्यात सुभेदार आले.”

मी पेढा हातात धरून बसले. म्हणजे त्या दिवशी तीन वाजून दहा मिनिटांनी राजीनामा तिच्या पर्समध्ये होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. सुभेदारांनी एकोणिसाव्या ओळीवर बोट ठेवलं नसतं तर ती गेली असती, आणि का गेली हे मला कधीही कळलं नसतं. कंत्राटी पोरी टिकत नाहीत, जरा कुठे शिकल्या की उडून जातात, असं मी पुढची कितीतरी वर्षं चारचौघांत रागारागाने सांगत राहिले असते, आणि मला ते खरंच वाटलं असतं.